शिक्षा राज्याची, कैदी काउंटीत, बिल कुणाचं?

अबोली_रिचमंड | ११ मार्च, रात्री ९:४०

मंडळी, विषय रुक्ष आहे, पण डोक्यातून जात नाही म्हणून धागा काढतेय.

मी व्हर्जिनियात, रिचमंडजवळच्या एका काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) राहते. गेली दोन वर्षं दर शनिवारी सकाळी आमच्या रीजनल जेलमध्ये, म्हणजे काही काउंट्या-शहरांनी मिळून चालवलेल्या जेलमध्ये, गणित शिकवायला जाते. बारावीच्या तोडीची जीईडी परीक्षा असते, तिची तयारी. आत पेन चालत नाही, टाचणी मारलेला कागद चालत नाही. गोल्फवाले वापरतात तसल्या बोटभर पेन्सिली मिळतात. त्या मोजून घ्यायच्या, मोजून परत द्यायच्या. एक जरी कमी भरली तर सगळा वर्ग बसवून ठेवतात.

वर्गात बाविशीतला एक मुलगा आहे. नाव, गुन्हा काही लिहीत नाही, लिहायचं नसतं. ऑगस्टमध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा लागली. आपल्या भाषेत कच्च्याचा (खटला चालू असलेल्याचा) पक्का झाला. इथे फेलनीत (गंभीर गुन्ह्यात) वर्षभर किंवा जास्त शिक्षा झालेला कैदी हा 'राज्याच्या जबाबदारीचा'. कोर्टाचा अंतिम आदेश पाठवल्यापासून ६० दिवसांत राज्याच्या करेक्शन्स (तुरुंग) खात्यानं त्याला आपल्या तुरुंगात न्यावं असं कायदा म्हणतो. मार्च उजाडला आणि पोरगा अजून माझ्यासमोर अपूर्णांकांची बेरीज करतोय. जेल बांधलेलं असतं चार-सहा महिन्यांच्या मुक्कामाच्या हिशेबानं. खिडकी म्हणजे छतालगत काचेची एक पट्टी. हाताला काम, धंदेशिक्षण वगैरे जे काही आहे ते मुख्यतः राज्याच्या प्रिझनमध्ये.

आता मूळ प्रश्न. परवा काउंटीच्या बजेटची जाहीर सुनावणी होती. हातात दिलेल्या कागदावर 'रीजनल जेल, आमचा हिस्सा' ही ओळ बरीच फुगलेली दिसली. मी माईकपाशी गेले (तीन मिनिटं मिळतात, समोर लाल दिवा लागतो) आणि विचारलं की राज्याचे कैदी आपण का पोसतो? उत्तर आलं की राज्य त्यांच्यामागे दिवसाला १५ डॉलर देतं, आधी कित्येक वर्षं १२ च देत होतं. आणि खर्च? शंभराच्या पुढे.

उरलेले ८५ माझ्या प्रॉपर्टी टॅक्समधून जातात का? हे सगळीकडे असंच आहे का?

---

टवाळ_टिटवी | ११ मार्च, रात्री १०:०२

पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत.

---

नॉरफोकचा_नाना | ११ मार्च, रात्री १०:५५

अबोलीताई, ८५ चं गणित थोडं चुकतंय. गणिताच्या बाईंना सांगायचा योग रोज येत नाही, म्हणून सांगून घेतो.

ते १५ डॉलर म्हणजे फक्त पर डिएम, कैद्यामागे रोजचा भत्ता. त्याशिवाय राज्याचं कॉम्पेन्सेशन बोर्ड जेलच्या मंजूर पदांचे पगार वेगळे देतं. शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख, जेलही सहसा त्याच्याकडे), सरकारी वकील, खजिनदार ही निवडून येणारी मंडळी आणि त्यांच्या कचेऱ्यांतल्या पगारांचा राज्याचा वाटा याच बोर्डातून येतो. रीजनल जेलला शेरीफ नसतो, तरी पगाराची मदत तिथूनच. हे बोर्ड दरवर्षी जेलच्या खर्चाचा अहवाल काढतं, जरूर बघा. सगळं धरूनही निम्म्याहून जास्त भार काउंट्या आणि शहरंच उचलतात, तेव्हा तुमची तक्रार खोटी नाही, आकडा फक्त मोठा झाला.

शिवाय स्थानिक जबाबदारीच्या कैद्यामागे, म्हणजे छोट्या शिक्षावाले आणि खटला चालू असलेले, त्यांच्यामागे राज्य चार-पाच डॉलरच देतं. मग पर डिएमच्या दृष्टीनं तुमचा बाविशीतला मुलगा हा जेलचा 'महागडा पाहुणा' झाला की!

आमच्या भागातली गोष्ट. पोर्ट्समथला हॅम्प्टन रोड्स रीजनल जेल होतं. चार शहरांनी मिळून काढलेलं, १९९८ ला सुरू झालेलं. २०२४ मध्ये बंद झालं. मधल्या काळात २०१८ ला फेडरल न्याय खात्यानं तिथल्या वैद्यकीय आणि मानसिक उपचारांवर कडक अहवाल दिला होता. पण शेवटी दम निघाला तो माणसांच्या आणि पैशांच्या टंचाईनं. बेड रिकामे पडत गेले तरी इमारत तीच, दिवे तेच.

---

कॉस्टिंगवाला_कुलकर्णी | १२ मार्च, सकाळी ६:१८

नानांच्या शेवटच्या वाक्यात सगळं आलं. तीस वर्षं कॉस्ट अकाउंटिंगमध्ये घातलीत म्हणून राहवत नाही.

'कैद्यामागे दिवसाला शंभर डॉलर' हा सरासरी खर्च. त्यात इमारतीचं कर्ज, रात्रपाळीचे गार्ड, स्वयंपाकघर, विमा सगळं आलं. आणखी एका कैद्यामुळे वाढणारा खर्च म्हणजे तीन वेळचं जेवण, कपडे, साबण, थोडी औषधं. तो शंभराच्या जवळपासही नसतो.

एस.टी. डोळ्यासमोर आणा. गाडी स्वारगेटहून सुटणारच आहे, निम्मी रिकामी. एखादा हाफ तिकिटावर चढला तर महामंडळाचा फायदाच, डिझेल तेवढंच लागतं. पण गाडी खचाखच भरली आहे आणि त्या हाफ तिकिटवाल्यासाठी दुसरी गाडी काढावी लागली, तर दिवाळं.

म्हणून राज्याचा एकच दर एका काउंटीला लुबाडणूक वाटतो आणि शेजारच्या काउंटीला लॉटरी. आधी बेड किती रिकामे आहेत ते विचारा, मग भांडा. अबोली, तुमच्या जेलमध्ये गर्दी आहे का? पोरं जमिनीवर झोपतात का?

---

अबोली_रिचमंड | १२ मार्च, सकाळी ७:३०

काका, हे मला कुणीच असं सांगितलं नव्हतं. नाना, चूक मान्य.

जमिनीवर नाही झोपत. एक अख्खा विंग बंद आहे, गार्ड नाहीत म्हणून. त्यामुळे उरलेल्या विंग्ज गच्च.

---

कॉस्टिंगवाला_कुलकर्णी | १२ मार्च, सकाळी ७:४१

म्हणजे गाडी आहे, ड्रायव्हर नाही. ही तर सगळ्यात महाग अवस्था.

---

बॅटन_रूजची_मावशी | १२ मार्च, सकाळी ९:०५

तुम्ही व्हर्जिनियावाले दर कमी म्हणून रडताय. आमच्या लुइझियानात याच दरावर अख्खा धंदा उभा राहिलाय.

आमच्याकडे काउंटीला पॅरिश म्हणतात, एकूण ६४. राज्याचे जवळपास निम्मे शिक्षा झालेले कैदी पॅरिशच्या जेलमध्येच राहतात, आणि ते 'राज्याची बस न्यायला येईपर्यंत' नव्हे, तर वर्षानुवर्षं. सुरुवात १९७५ ची. अँगोला नावाचं राज्याचं अवाढव्य प्रिझन आहे, १८,००० एकर, पूर्वीची गुलामांच्या कष्टावर चाललेली शेती. तिथल्या हालअपेष्टांवरून फेडरल कोर्टानं गर्दीला लगाम घातला. मग जादा कैदी ठेवायचे कुठे? शेरीफांकडे. नव्वदीत शिक्षा लांबत गेल्या, राज्याला नवी प्रिझन बांधणं परवडेना. त्यांनी शेरीफांना सांगितलं, तुम्ही बांधा, आम्ही कैदी देतो आणि रोजचा भत्ता देतो. भत्ता बरीच वर्षं २४.३९ डॉलर होता, नंतर वाढून २६.३९ झाला. राज्याच्या स्वतःच्या प्रिझनमध्ये तोच माणूस दुपटीहून जास्त महाग पडतो. राज्य खूश, शेरीफ खूश.

कुलकर्णींच्या एस.टी.चं इथे उलटं झालं. प्रवासी जास्त झाले म्हणून गाडी काढली असं नाही. गाडी आधी घेतली, कर्जावर, आणि मग प्रवासी शोधायला निघाले. न्यू ऑर्लिन्सच्या दैनिकानं २०१२ मध्ये यावर मोठी मालिका छापली होती. बेड रिकामे पडू नयेत म्हणून वॉर्डन एकमेकांना फोन करून कैदी कसे मागतात, ते त्यात होतं. २६ डॉलरमध्ये कर्जाचा हप्ताही बसवायचा, तर कात्री कुठे लागणार? शिक्षणाला, व्यसनमुक्तीला. अँगोलात जन्मठेपवाल्याला मोटार दुरुस्तीचं काम शिकता येतं आणि दोन-चार वर्षांत घरी येणारा पॅरिशच्या जेलमध्ये पत्ते कुटत बसतो. म्हणजे जो बाहेर येणार त्यालाच काही नाही.

माझे यजमान म्हणतात, मावशी, शेरीफशी वैर घेऊ नकोस. घेत नाही. नुसतं मराठीत लिहितेय.

---

टवाळ_टिटवी | १२ मार्च, सकाळी ९:२०

यजमान 'मावशी' म्हणतात??

---

बॅटन_रूजची_मावशी | १२ मार्च, सकाळी ९:२२

चाळीस वर्षं झाली लग्नाला, काहीही म्हणतात.

---

ह्यूस्टन_हरी | १२ मार्च, दुपारी १२:४०

टेक्सास: कागदपत्रं पूर्ण झालेल्या कैद्याला 'पेपर रेडी' म्हणतात. त्यानंतर राज्याला ४५ दिवस मुदत. त्या ४५ दिवसांचं भाडं शून्य. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडमुळे राज्यानं काउंटी जेलमधून कैदी घेणंच थांबवलं, तेव्हा मुदत गेली उडत आणि काउंट्या अडकल्या.

माझे दोन पैसे: इथे सगळे राज्यालाच शिव्या घालताहेत. पण शिक्षा मागणारा सरकारी वकील काउंटीच्या मतांवर निवडून येतो, न्यायाधीशही आमच्याकडे निवडून येतात. दहा वर्षांची शिक्षा द्या म्हणणार काउंटी आणि दहा वर्षं पोसणार राज्य. पंगत आमची, आचाऱ्याचं बिल तुमचं. मग राज्यानं महिना-दीड महिना भाडं थकवलं तर एवढा गहजब कशाला?

---

फ्रीमाँटची_फुलराणी | १२ मार्च, दुपारी २:१५

हरी, हाच मुद्दा कॅलिफोर्नियात २०११ मध्ये ऐरणीवर आला. राज्याची प्रिझन इतकी तुंबली होती की सुप्रीम कोर्टानं गर्दी क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणा हा आदेश कायम केला. तेव्हा सरकारनं डाव उलटा टाकला. हिंसक नसलेले, गंभीर नसलेले, लैंगिक गुन्ह्यातले नसलेले फेलनीचे कैदी १ ऑक्टोबर २०११ पासून काउंटीतच शिक्षा भोगणार. डोक्यामागे रोजचा दर नाही, काउंटीला एकत्रित रक्कम. जेलमध्ये ठेवा, घोट्याला पट्टा बांधून घरी सोडा, व्यसनमुक्तीवर खर्च करा, तुमचं तुम्ही बघा.

फायदा असा की रिकाम्या बेडला किंमत उरली नाही. तोटा असा की सहा महिन्यांसाठी बांधलेल्या जेलमध्ये लोक पाच-पाच वर्षं राहू लागले. उन्हं अंगावर न घेता.

---

लुईव्हिलकर | १२ मार्च, सायंकाळी ५:५०

वाचतोय. केंटकीत जेलर हे घटनेतलं निवडून द्यायचं पद आहे. दर चार वर्षांनी चौकाचौकात 'अमक्याला जेलर करा' अशा पाट्या लागतात. कमी शिक्षेचे फेलन काउंटी जेलमध्येच ठेवतात, दर बरीच वर्षं ३१.३४ डॉलर होता. काही काउंट्यांनी गरजेपेक्षा मोठी जेल बांधून ठेवलीत, आणि प्रचारात सांगतात की 'आमचं जेल काउंटीवर भार नाही'. बाकी मावशींनी लिहिलंच आहे.

---

निवृत्त_अव्वल_कारकून | १३ मार्च, सकाळी ८:१०

मी भारतातून लिहितो आहे. अमेरिकेतलं मला काही कळत नाही. पण 'कैदी एकाचा, जेवण दुसऱ्याचं' हे वाचून जुनी आठवण आली.

ऐंशीच्या दशकात मी मराठवाड्यातल्या एका तहसील कचेरीत होतो. कचेरीच्या आवारातच सब-जेल. दगडी भिंत, दोन बराकी, मधे एक कडुनिंब. सब-जेलचा कारभार पदसिद्ध म्हणून तहसीलदारांकडे, आणि तहसीलदारांना जेलपेक्षा दुष्काळ जास्त, म्हणून प्रत्यक्षात आमच्याकडे. कैद्यांचं जेवण ठेक्यानं यायचं. भाकरी, डाळ, एक भाजी. ठेकेदाराचं बिल मी तयार करायचो: रोजची हजेरी, गुणिले दर. कोण कोर्टात गेला, कोण दुपारी जामिनावर सुटला, त्याची अर्धी वेळ कापायची.

बिल ट्रेझरीत जाऊन अनुदान नाही म्हणून परत यायचं. एकदा सात महिने थकलं. ठेकेदार बिचारा रोज टेबलाशी यायचा, चहा मीच पाजायचो. काही बोलायचा नाही. पण डाळ पातळ होत गेली. शेवटी शेवटी डाळीत बुडी मारली तरी डाळ हाताला लागली नसती. एका कैद्यानं वाटी सरळ माझ्या टेबलावर आणून ठेवली. म्हणाला, 'साहेब, तुमचं बिल बघा.'

---

बॅटन_रूजची_मावशी | १३ मार्च, सकाळी ८:४५

काका, दंडवत. याची अमेरिकन आवृत्ती आमच्यापासून एक राज्य सोडून पलीकडे होती.

अलाबामात जुना कायदा होता. कैद्याच्या जेवणापायी राज्य शेरीफला दिवसाला पावणेदोन डॉलर देणार आणि त्यातून उरेल ते शेरीफचं स्वतःचं. चक्क कायदेशीर. २००९ मध्ये बाहेर आलं की मॉर्गन काउंटीच्या शेरीफनं तीन वर्षांत असे दोन लाखांवर डॉलर खिशात घातले. कैद्यांना आठवडेच्या आठवडे कॉर्न डॉग, म्हणजे मक्याच्या पिठात तळलेलं सॉसेज. ट्रकभर स्वस्तात मिळाले होते म्हणे. फेडरल न्यायाधीशानं शेरीफलाच एक रात्र आत टाकलं. तरी कायदा जागचा हलला नाही. २०१८ ला दुसऱ्या काउंटीच्या शेरीफचं समुद्रकिनाऱ्यावरचं घर बाहेर आलं, तेव्हा कुठे २०१९ मध्ये उरलेले पैसे खिशात घालायला बंदी आली आणि भत्ता सव्वादोन डॉलर झाला.

---

अॅडव्होकेट_पुणे३० | १३ मार्च, दुपारी १:३०

थोडं कायद्याचं. आपल्याकडे हा प्रश्न या रूपात येत नाही, कारण तुरुंग हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीचा चौथा विषय. येरवडा मध्यवर्ती असो की तालुक्याची सब-जेल, मालक एकच, राज्य. जिल्हा परिषदेचा जेलशी काही संबंध नाही. म्हणून कच्च्या आणि पक्क्या कैद्याचं बिल वेगवेगळ्या खिशांतून येत नाही. आपली रड वेगळी. देशातल्या कैद्यांपैकी साधारण पाऊण हिस्सा कच्चेच आहेत.

मात्र 'कोंडायला लावणाऱ्यानं खाऊ घालावं' हे तत्त्व आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत जसंच्या तसं आहे. हुकूमनामा असूनही ऋणको ऐपत असताना पैसे देत नाही, तर धनको त्याला दिवाणी कैदेत टाकायला लावू शकतो. पण आदेश २१, नियम ३९ प्रमाणे त्याच्या निर्वाहाचा भत्ता धनकोनं आगाऊ भरायचा. भरणं थांबवलं की कलम ५८ खाली ऋणको बाहेर.

माझ्या एका अशिलाला हे समजावलं तेव्हा तो म्हणाला, 'वकीलसाहेब, म्हणजे पैसे बुडवले त्यानं आणि खानावळ मी चालवू?' अर्ज तिथेच मागे घेतला. ह्यूस्टनच्या हरींच्या सरकारी वकिलाला असा आगाऊ भत्ता भरायला लावला तर किती शिक्षा मागेल, हा माझा साधा प्रश्न.

---

ह्यूस्टन_हरी | १३ मार्च, दुपारी ३:०२

हा हा. मागे घेतो. अर्धं.

---

सिंधू_दुर्गकर | १३ मार्च, रात्री ८:२०

एक भाबडा प्रश्न. रोजचे पैसे मिळतात म्हणून जेलवाले मुदत संपलेल्या कैद्याला मुद्दाम ठेवून घेत असतील का?

---

बॅटन_रूजची_मावशी | १३ मार्च, रात्री ९:१०

प्रश्न भाबडा नाही. फेडरल न्याय खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये आमच्या राज्याविषयी अहवाल दिला. २०२२ च्या पहिल्या चार महिन्यांत सुटलेल्यांपैकी २७ टक्के लोकांना सुटकेची तारीख उलटून गेल्यावरही आत ठेवलं होतं. पुढे २०२४ च्या डिसेंबरात खटलाही भरला.

पण 'मुद्दाम' मी म्हणणार नाही. शिक्षा झाली की कोर्टाचा कागद क्लार्ककडून शेरीफकडे, शेरीफकडून राज्याच्या खात्याकडे, तिथे कुणीतरी बसून शिक्षेचे दिवस मोजणार, आधी भोगलेले वजा करणार, मग सुटकेची तारीख. शिक्षाच छोटी असेल तर कागद पोचेपर्यंत ती संपलेली असते. फक्त एवढंच की कागद उशिरा गेला म्हणून कुणाचं काही अडत नाही. त्या जादा दिवसांचा भत्ताही चालूच. ज्याचं अडतं त्याच्याकडे फोन नाही.

आता तर अजून एक गिऱ्हाईक आलंय. २०१९ पासून इमिग्रेशन खातं आमच्याकडच्या ग्रामीण जेलमधले बेड भराभर घेतंय आणि दर राज्याच्या कितीतरी पट. कुलकर्णी, तुमच्या गाडीत आता तत्काळवाले बसलेत.

---

कॉस्टिंगवाला_कुलकर्णी | १४ मार्च, सकाळी ६:०५

मग राज्याचा दर किती असावा? माझं मत लिहून मोकळा होतो. एकच दर ठेवूच नये. मुदतीच्या आत सध्याचा दर. मुदत उलटली की राज्याच्या स्वतःच्या प्रिझनमधल्या सरासरी खर्चाइतका. म्हणजे बस पाठवण्यात राज्याचा फायदा, थांबवण्यात तोटा. आणि औषधोपचार दरातून बाहेर, प्रत्यक्ष बिलावर. एका डायलिसिसच्या पेशंटनं छोट्या काउंटीचं वर्षाचं बजेट कोसळतं, कारण जेलमध्ये गेला की मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्य विमा) जवळपास बंद होतं.

---

नॉरफोकचा_नाना | १४ मार्च, सकाळी ९:४८

पहिल्या भागाला अनुमोदन. पण लुइझियानासारख्या ठिकाणी मुदतीनंतर दर वाढवला तर शेरीफ कैदी हातचा सोडतील का? कागद आणखी हळू चालेल. व्हर्जिनियात चालेल, लुइझियानात उलट फटका बसेल.

---

कॉस्टिंगवाला_कुलकर्णी | १४ मार्च, सकाळी ९:५५

हो, हे लक्षात नव्हतं आलं. विचार करतो.

---

अबोली_रिचमंड | २२ मार्च, दुपारी १:१५

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी कळवायच्या होत्या.

बजेट होतं तसंच मंजूर झालं. मी पुन्हा गेले होते, यावेळी काकांचं एस.टी.चं उदाहरण ग्रेहाउंडच्या बसवर बेतून सांगितलं. एक सुपरवायझर (काउंटी बोर्डाचे सदस्य) मान डोलावत होते. लाल दिवा लागला.

दुसरं, आज वर्गात तो नव्हता. मंगळवारी पहाटे चारला खात्याची व्हॅन आली आणि घेऊन गेली. आधी सांगत नाहीत, सुरक्षेचं कारण. मी इतके दिवस न्या म्हणून भांडत होते, तर नेलं. गणिताचा पेपर पुढच्या गुरुवारी होता.

---

सिंधू_दुर्गकर | २२ मार्च, दुपारी २:००

अरेरे. मग आता परीक्षेचं काय?

---

अबोली_रिचमंड | २२ मार्च, दुपारी २:२०

आधी काही आठवडे रिसेप्शन सेंटर, तिथे वैद्यकीय तपासणी, वर्गवारी. मग जे प्रिझन मिळेल तिथे शिक्षण विभागाकडे पुन्हा नाव द्यायचं. वही त्याच्यासोबत गेली की नाही ते कुणाला माहीत नाही. आज पेन्सिली अकरा घेतल्या, अकरा परत दिल्या.